आकड्याला काय विचारायचं?

आपल्या बायकांचा रक्ताच्या तपासणीवर फार विश्वास. डॉक्टरांनी नुसतं तपासून "काही नाही" म्हटलं तर समाधान होत नाही. तेच कागदावर छापून आलं, आकडा आला, आकड्यासमोर नॉर्मलची मर्यादा आली, की जीव भांड्यात पडतो. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड यांच्या बाबतीत हा विश्वास बराचसा रास्तही आहे. पण हल्ली संपूर्ण तपासणीच्या पॅकेजमध्ये कुठे कुठे आणखी एक ओळ दिसू लागली आहे: सीए १५-३. ही स्तनाच्या कर्करोगाची खूण, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. ती ओळ मर्यादेच्या आत असली की बाई रिपोर्टाची घडी घालून कपाटात ठेवते आणि वर्षभर निर्धास्त राहते.

मी कलाशाखेची. प्रयोगशाळेशी संबंध आला तो रक्त द्यायला दंड पुढे करण्यापुरता. पण बी.ए.ला इतिहास घेतला होता आणि कुठलीही गोष्ट आली कुठून हे शोधायची खोड तेव्हापासून लागली आहे. या ओळीचं मूळ शोधू लागले, तेव्हा हातात एक मोठी गोष्ट आली. ती आपल्या बायकांना ठाऊक असायला हवी, कारण ती ठाऊक असलेली बाई तो रिपोर्ट वेगळ्या डोळ्यांनी वाचते.

गोष्ट सुरू होते लंडनमध्ये, १८४५ साली. पंचेचाळिशीच्या आसपासचा एक व्यापारी हाडांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. त्याच्या डॉक्टरांना त्याच्या लघवीत काहीतरी विचित्र दिसलं, म्हणून त्यांनी ती नळीत भरून हेन्री बेन्स जोन्स या रसायनाच्या जाणकार डॉक्टरांकडे पाठवली. आम्ल घातलं की त्या लघवीत साका धरे, तापवलं की साका विरघळून जाई आणि थंड होताच पुन्हा दिसे. एरवी प्रथिनं उष्णतेने गोठतात ती गोठलेलीच राहतात. हे प्रथिन उलटंच वागत होतं. रोगी १८४६च्या पहिल्याच दिवशी गेला. पण बेन्स जोन्स यांनी लिहून ठेवलं की अशी हाडं ठिसूळ होणारी माणसं पुन्हा भेटली तर त्यांच्यात हे द्रव्य शोधावं. त्या रोगाला आज मल्टिपल मायलोमा म्हणतात. तो रक्त तयार होणाऱ्या मज्जेचा कर्करोग. कर्करोगाची खूण सांगणारं हे पहिलं प्रथिन मानलं जातं.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवू या. ही खूण सापडली ती आजार दिसत असलेल्या माणसात. धडधाकट माणसाला "तुला रोग आहे का?" असं विचारायला ती कोणी वापरली नव्हती. पुढची सारी गडबड या एका फरकावरच झाली.

यानंतर शंभर वर्षं या वाटेवर फारशी प्रगती झाली नाही. कारण साधं होतं. रक्तात प्रथिनांची एवढी गर्दी असते, की त्यात एखादं कणभर असलेलं प्रथिन मोजायला साधनच नव्हतं. ते साधन दिलं एका बाईने आणि तिच्या सहकाऱ्याने.

रोझलिन यॅलो १९२१ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात जन्मल्या. आईवडिलांचं शिक्षण बेताचं. मुलगी भौतिकशास्त्रात हुशार, पण मुलीला पुढच्या शिक्षणाची जागा मिळणं कठीण, म्हणून आधी त्यांनी एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली लघुलेखन करणारी सेक्रेटरी म्हणून काम धरलं. पुढे इलिनॉय विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा त्या विभागाच्या चारशे जणांत त्या एकट्या बाई होत्या. नंतर ब्रॉंक्समधल्या माजी सैनिकांच्या इस्पितळात सॉलोमन बर्सन या डॉक्टरांबरोबर त्यांची जोडी जमली. त्यांनी किरणोत्सारी खुणेच्या मदतीने रक्तातलं इन्शुलिन मोजायची रीत १९५९-६०च्या सुमारास जगापुढे ठेवली. तिचं नाव रेडिओइम्युनोअॅसे.

नाव अवघड आहे, पण रीत आपल्या पंगतीसारखी. समजा पंगतीत शंभरच पाट मांडले आहेत. आपण शंभर पाहुण्यांना कुंकवाचं बोट लावून आत सोडलं. बाहेरून आणखी किती न मोजलेले पाहुणे आले, ते आपल्याला ठाऊक नाही. सगळे बसल्यावर पाटांवर कुंकवाचे किती आहेत ते मोजायचं. ते जितके कमी, तितके बाहेरचे जास्त. पाट म्हणजे त्या एकाच प्रथिनाला धरणारी प्रतिपिंडं, कुंकू म्हणजे किरणोत्सारी खूण आणि बाहेरचे पाहुणे म्हणजे रोग्याच्या रक्तातलं प्रथिन. एवढ्याशा युक्तीने रक्तातला कण न् कण मोजता येऊ लागला.

त्यांचा एक महत्त्वाचा लेख १९५५ साली नियतकालिकाने परत पाठवला होता. ते नकाराचं पत्र यॅलोबाईंनी जपून ठेवलं आणि पुढे नोबेलच्या व्याख्यानात जगाला दाखवलं. या रीतीचं पेटंट दोघांनीही घेतलं नाही. बर्सन १९७२ला वारले, यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल मिळालं. दोन मुलं वाढवली आणि घरचं स्वयंपाकघर ज्यू धर्माच्या खाण्यापिण्याच्या नियमांनी चालवलं. हे वाचताना मला बरं वाटलं. स्वयंपाकघरातले नियम पाळणारी बाई विचारांनी मागे राहते, असं समजणारी मंडळी आपल्याकडेही कमी नाहीत.

मोजायचं साधन आलं. आता मोजायचं काय? मॉस्कोत गॅरी आबेलेव यांना १९६३ साली यकृतात गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात एक प्रथिन दिसलं. ते खरं म्हणजे गर्भातल्या पिल्लाच्या रक्तात असायचं. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव यांना ते यकृताचा कर्करोग झालेल्या माणसात सापडलं. कॅनडात, मॉंट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी १९६५ साली मोठ्या आतड्याच्या गाठीत असंच गर्भावस्थेतलं प्रथिन दाखवलं. त्याचं नाव सीईए. गर्भ घडताना शरीर जी पानं वाचतं आणि मिटून ठेवतं, तीच पानं कर्करोग पुन्हा उघडतो, अशी ही कल्पना.

१९६९ साली यॅलोबाईंच्या रीतीने सीईए रक्तात मोजलं गेलं. आतड्याच्या कर्करोगाच्या ३६ रोग्यांपैकी ३५ जणांच्या रक्तात ते सापडलं! केवढा आनंद झाला असेल, याची कल्पना करा. आता रक्ताचा थेंब घ्यायचा आणि कर्करोग ओळखायचा, अशी आशा जगभर पसरली. पण जसजशी जास्त माणसं तपासली गेली, तसतसा रंग उतरला. सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेलं दिसलं. यकृताच्या दुखण्यात दिसलं, आतड्याच्या साध्या सुजेत दिसलं, फुप्फुसाच्या आणि स्तनाच्या कर्करोगातही दिसलं. उलट गाठ लहान असताना, म्हणजे जेव्हा कळायला हवं तेव्हाच, अनेकांत ते वाढलेलं नसे. १९८० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची परिषद भरवली आणि निर्णय दिला, की त्रास नसलेल्या लोकांत कर्करोग शोधायला ही तपासणी योग्य नाही. तज्ज्ञांनी तिचा उपयोग मान्य केला तो निदान झालेल्या रोग्यावर लक्ष ठेवण्यापुरता.

दरम्यान केंब्रिजमध्ये १९७५ साली जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी एकाच छापाची प्रतिपिंडं हवी तेवढी तयार करायची रीत काढली. प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी त्यांनी मायलोमाच्या, न मरणाऱ्या पेशीशी जोडली. मायलोमा म्हणजे लंडनच्या त्या व्यापाऱ्याचा रोग. गंमत अशी, की बेन्स जोन्स यांनी नळीत पाहिलेलं प्रथिन हा प्रतिपिंडाचाच एक तुकडा होता, हे १९६२ साली सिद्ध झालं होतं.

हे सारं उंदरांच्या शरीरातून आलेलं आहे, हे लिहिताना माझ्यासारखीचा हात अडखळतो. पण ते लपवून हा इतिहास सांगता येत नाही. जिथून ज्ञान आलं त्या जिवांचं ऋण मानावं आणि ते ज्ञान निष्काळजीपणे उधळू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

आता आपल्या ओळीकडे, सीए १५-३ कडे येऊ. तिचा उगम मला सर्वांत जास्त भावला, कारण तो आईच्या दुधात आहे. दुधातल्या स्निग्धाचा थेंब स्तनातल्या पेशीतून बाहेर पडतो तेव्हा पेशीच्या आवरणाचा पदर अंगाभोवती लपेटूनच बाहेर येतो. म्हणजे दुधावर साय होऊन जे तरंगतं, त्याच्या कणाकणावर स्तनाच्या पेशीचं वस्त्र असतं. शास्त्रज्ञांनी हे वस्त्र अभ्यासलं. अॅमस्टरडॅममध्ये जॉन हिल्केन्स यांच्या गटाने दुधातल्या या आवरणाविरुद्ध एक प्रतिपिंड तयार केलं. बॉस्टनमध्ये डोनाल्ड क्यूफ यांच्या गटाने शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाविरुद्ध दुसरं केलं. दोन्ही प्रतिपिंडं एकाच प्रथिनाला चिकटत होती. त्या प्रथिनाचं नाव म्युसिन-१, आणि दोघांना मिळून १९८०च्या दशकात जी तपासणी झाली ती सीए १५-३.

निरोगी स्तनात हे प्रथिन पेशीच्या फक्त एका अंगाला, दूध वाहतं त्या नळीच्या बाजूला असतं. पेशी कर्करोगाची झाली की तिला आत-बाहेरचं भान राहत नाही. प्रथिन चारी बाजूंनी उगवतं आणि तुटून रक्तात मिसळतं. म्हणून रोग पसरला असेल तर अनेकींच्या रक्तात आकडा चढतो. पण गाठ वाटाण्याएवढी असताना रक्तात मिसळणार ते कितीसं? त्या टप्प्यावर बहुतेक बायकांचा आकडा नॉर्मलच येतो. उलट कर्करोग नसतानाही तो चढू शकतो: यकृताच्या आजारात, स्तनाच्या काही साध्या तक्रारींत. आपल्या शाकाहारी घरांनी लक्षात ठेवावं असं आणखी एक कारण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा रक्तक्षय. त्यातही सीए १५-३ वाढलेलं आढळल्याची नोंद आहे.

म्हणूनच अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९६ साली आणि पुन्हा २००७ साली स्पष्ट लिहिलं, की सीए १५-३ आणि सीईए या तपासण्या निरोगी बाईत रोग शोधायला, निदान करायला किंवा रोगाची पायरी ठरवायला वापरू नयेत. उपचार संपलेल्या, काही त्रास नसलेल्या बाईची नेहमीची राखण म्हणूनही नकोत. रोग शरीरात पसरलेला असेल आणि औषध लागू पडतंय का हे पाहायचं असेल, तर इतर तपासण्यांच्या जोडीला त्या कामाच्या. तिथेही एक आकडा बघून उपयोग नाही, आकड्यांची चाल बघावी लागते. चांगलं औषध सुरू झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे आकडा उलट वाढूही शकतो. म्हणून ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांनी तो डॉक्टरांनाच वाचू द्यावा, रात्री जागून आपण वाचू नये.

एक गोंधळ इथेच सोडवते. ईआर, पीआर आणि हर-टू ही नावं रोग्यांच्या कागदावर असतात, तीही प्रथिनंच आहेत. पण ती मुख्यतः गाठीच्या काढलेल्या तुकड्यात पाहतात, आणि कोणतं औषध द्यायचं हे त्यावर ठरतं. ती तपासणी अत्यंत गरजेची. तिची आणि रक्तातल्या सीए १५-३ची गल्लत करू नये.

आमच्या मंडळातली एक हकिगत सांगते. एका अक्कांना छातीत बारीक गाठ लागत होती. दुखत नव्हती, म्हणून त्या बोलल्या नाहीत. मग एका तपासणी केंद्राच्या पॅकेजमध्ये त्यांनी रक्त दिलं. सीए १५-३ मर्यादेत आलं. कोणी सांगितलं नाही की गाठ असेल तर या आकड्यावर विसंबू नका. अक्कांनी सुनेला रिपोर्ट दाखवला, म्हणाल्या, "बघ गं, काही निघालं नाही." सून शांतपणे म्हणाली, "आत्ती, रिपोर्ट रक्ताचा आहे. गाठ छातीत आहे. तिचा रिपोर्ट कुठाय?" आठवड्याभरात मॅमोग्राफी झाली, सुई घालून तुकडा काढला, आणि कर्करोगच निघाला. वेळेत उपचार झाले. आज अक्का रोज सकाळी बस्तीत दिसतात.

मी पुष्कळ विचार केला, की अक्कांनी डॉक्टरांना गाठ न दाखवता रक्त का दिलं असेल. उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. रक्त द्यायला पदर सरकवावा लागत नाही. कोणाचा हात लागत नाही. घरात कोणाला सांगावं लागत नाही. दंड पुढे केला की संध्याकाळी मोबाइलवर उत्तर येतं. आपल्या संकोचाला हा आकडा फार सोयीचा वाटतो, म्हणून तो खपतो.

"पण करून घेतली तर बिघडलं काय?" असं मैत्रिणी विचारतात. एक हिशेब करून बघू. समजा हजार निरोगी बायकांनी ही तपासणी केली. त्यातल्या पाच जणींना नकळत सुरुवातीचा रोग आहे, आणि तपासणी पाचातली एकच ओळखते. शिवाय शंभरात पाच निरोगी बायकांचा आकडा उगीचच चढतो. मग सुमारे पन्नास जणी विनाकारण घाबरणार, स्कॅनच्या फेऱ्या मारणार. आणि चौघी जणी रोग अंगात घेऊन निर्धास्त घरी जाणार. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण गणित असंच चालतं.

लवकर कळलं की जीव वाचतोच, हेही गृहीत धरता येत नाही. बीजांडाच्या कर्करोगासाठी सीए १२५ हे असंच रक्तातलं प्रथिन आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. काही जणींची दरवर्षी तपासणी, काहींची नाही. २०२१ साली शेवटचा निकाल आला, तेव्हा तपासणी झालेल्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू कमी झाले नव्हते.

आपल्या स्वाध्यायात एक प्रश्न सारखा येतो: हे विधान कोणत्या अपेक्षेने खरं? एकच वस्तू एका अपेक्षेने आहे, दुसऱ्या अपेक्षेने नाही. सीए १५-३ला हा प्रश्न विचारला की सगळं लख्ख होतं. पसरलेल्या रोगावर औषध चालतंय का, या अपेक्षेने तो आकडा पुष्कळ सांगतो. मला कर्करोग नाही ना, या अपेक्षेने तो मुका आहे.

मग बोलतं काय? त्याचं एक उत्तर मुंबईत मिळालं आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांना घेऊन अभ्यास सुरू केला. वय ३५ ते ६४. अर्ध्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी, चार वेळा, हातांनी स्तनांची तपासणी करत. यंत्र नाही, सुई नाही. वीस वर्षांनी, २०२१ साली निकाल छापून आला. तपासलेल्या गटात रोग पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पायरीवर सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

प्रथिनांचा शोध चालूच आहे, आणि उद्या रक्ताच्या थेंबातून लवकर कळणारं काही खरंच सापडेलही. सापडलं की पहिल्यांदा आनंद मला होईल. पण तेव्हाही आपण हेच विचारायचं, की ही तपासणी कोणासाठी आहे, आणि तिने निरोगी बायकांचे जीव वाचल्याचं दिसलं आहे का. तोवर पॅकेजमधली ती ओळ नॉर्मल आली म्हणून हाताला लागलेली गाठ, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून येणारं रक्त किंवा कातडीवर पडलेली खळी मनात ठेवून बसू नका. सुनेला सांगा, लेकीला सांगा, डॉक्टरीणबाईंना दाखवा. आणि पन्नाशी झाली असेल, तर काही त्रास नसतानाही दर दोन वर्षांनी एकदा जाणत्या हाताकडून तपासून घ्या. पदर घडीभर सरकवावा लागेल, एवढंच.